करंगळी सोडून बाकीची बोटं

तासगावात माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. शिलाईला दोघीजणी मदतीला असतात, पण कापड कापणं आणि शेवटची तुरपाई, हुक, काज ही कामं मी तेव्हा कुणावर सोपवत नसे. म्हणजे घरातली निम्मी मिळकत माझ्या उजव्या हाताच्या बोटांवर. एका लग्नसराईत रात्री दोन-अडीचला याच बोटांत मुंग्या येऊन जाग यायला लागली. बोटं आतून सुजून फुगल्यासारखी वाटायची. दिवा लावून बघावं तर दिसायला नेहमीसारखीच. पलंगावरून हात खाली सोडून झटकला की थोड्या वेळात उतरायचं. पुढे दिवसाही व्हायला लागलं. स्कूटीचं हँडल धरलं की, फोन कानाला लावला की, पेपर हातात धरून वाचायला बसलं की.

सासूबाई म्हणाल्या, "वात शिरलाय गं," आणि रोज तिळाचं तेल गरम करून हात चोळून दिला. त्या चोळण्यानं बरं वाटायचं, रात्र मात्र तशीच जायची. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं दिली, मानेचा एक्स-रे काढला. मणक्यांत थोडी झीज निघाली. मग मानेचा पट्टा आणि मानेचे व्यायाम सुरू झाले. त्यात त्यांचा दोष काढावा असं मला वाटत नाही. मानेतली सहावी-सातवी नस दबली तरी मुंग्या अंगठ्याकडच्या बोटांतच येतात. शिवाय माझी कळ कधीकधी कोपराच्या वर चढायची, त्यामुळे संशय मानेवरच जायचा. पण पंचेचाळिशीनंतर मानेच्या एक्स-रेत थोडीफार झीज बऱ्याच जणांना दिसते. ती दिसली म्हणजे हाताच्या दुखण्याचं कारण तीच, असं ठरत नाही, हे मला नंतर कळलं.

आमच्या भागात दुखणं लांबलं की माणूस मिरज गाठतो. तिथल्या हाताच्या डॉक्टरांनी एक्स-रे बाजूला ठेवला आणि विचारलं, "ताई, मुंग्या नेमक्या कुठल्या बोटांत?" मी म्हटलं, सगळ्याच. त्यांनी हाताचं चित्र असलेला कागद पुढे केला, पेन दिलं आणि बधिर होतो तेवढाच भाग रंगवायला सांगितलं. रंगवायला बसल्यावर लक्षात आलं की करंगळी कधीच बधिर होत नाही. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची मधल्या बोटाकडची अर्धी बाजू, एवढंच. मग त्यांनी कापसानं अनामिकेच्या दोन्ही बाजू हलक्या शिवून दाखवल्या. एकाच बोटाच्या दोन बाजूंना स्पर्श वेगवेगळा लागत होता. तो फरक मला इतक्या दिवसांत जाणवला नव्हता.

मनगटात तळव्याच्या बाजूनं हाडांची एक खोलगट पन्हळ असते आणि तिच्यावर जाड आडवा पट्टा ताणलेला असतो. त्या बोगद्यातून बोटं मिटवणाऱ्या नऊ कंडरा, म्हणजे स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोऱ्या, जातात आणि त्यांच्याबरोबरच मीडियन नावाची नस. कंडरांवरचं आवरण सुजलं तरी बोगदा काही मोठा होत नाही. एका नाडीच्या नेफ्यात चार नाड्या ओवाव्यात तसं होतं, आणि त्यात मार खाते ती नस. करंगळीची नस वेगळ्या वाटेनं जाते, म्हणून ती सुटते. झोपेत मनगट नकळत दुमडतं आणि आतला दाब आणखी वाढतो, म्हणून त्रास रात्रीचा. याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात.

डॉक्टरांनी दोन्ही हातांचे पंजे उलटे जुळवून मनगटं खाली दुमडून धरायला सांगितली. याला फालेनची चाचणी म्हणतात. साधारण मिनिटभर धरायचं असतं. माझ्या बोटांत त्याच्या कितीतरी आधी मुंग्या आल्या. मनगटावर बोटानं टिचक्या मारल्यावर मधल्या बोटात झिणझिणी गेली. अंगठा तळव्यापासून वर उचलून त्यांच्या दाबाविरुद्ध धरायला लावला, तेव्हा जोर अजून शाबूत होता.

मग एनसीव्ही. त्यात विजेचे छोटे झटके देऊन नसेतून संदेश किती वेगानं जातो ते मोजतात. चमक बसते, पण सोसवते. थंडीचे दिवस होते, म्हणून तपासणाऱ्या ताईंनी आधी माझा हात कोमट पाण्यात ठेवायला लावला. गार हातात नस मुळातच संथ चालते आणि आकडा खोटा येतो. अहवालात नस दबल्याचं प्रमाण आलं, "मध्यम". सोबत साखर आणि थायरॉइडही तपासायला सांगितलं होतं. साखर ठीक निघाली, थायरॉइडच्या तपासणीतला टीएसएच मात्र बराच वाढलेला, म्हणजे थायरॉइड कमी चालत होतं. कमी चालणारं थायरॉइड, मधुमेह, संधिवात, गरोदरपण या सगळ्यांत हा त्रास वाढतो. वर्षानुवर्षं कात्री दाबणं होतंच. पण डॉक्टर म्हणाले, नुसत्या कात्रीला दोष देऊन चालणार नाही.

मनगटाचा पट्टा मेडिकलमधून आणला आणि दाखवायला नेला, हे फार बरं झालं. आतल्या पत्र्यानं मनगट मागे वाकलेलं राहत होतं. डॉक्टरांनी पत्रा बाहेर काढला, सरळ केला आणि परत घातला. मनगट ना पुढे ना मागे, सरळ राहिलं पाहिजे. हातानं काम असताना नको, रात्री मात्र न चुकता बांधायचा. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी सुरू झाली. काही आठवड्यांत मी सलग झोपायला लागले. सलग झोप मिळणं काय असतं, ते ज्याची मोडलेली असते त्यालाच कळतं. "शिरेच्या गोळ्या" म्हणून मिळणाऱ्या व्हिटॅमिनच्या गोळ्याही मी घेत होते, त्या त्यांनी बंद केल्या. त्यातलं बी-सिक्स मोठ्या मात्रेत फार दिवस घेतलं तर नसांनाच इजा होते.

पुढच्या हंगामात त्रास परत उसळला, तेव्हा मनगटात स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलं. हंगाम निभावला. पण त्याचा असर काही महिन्यांचा. तो ओसरल्यावर नवीनच गोष्ट सुरू झाली: हुक चिमटीतून निसटायचे, सुईत दोरा ओवताना अंगठा साथ देईना. दोन्ही तळवे शेजारी धरून पाहिले तर उजव्या अंगठ्याखालचा गोळा बसलेला दिसला. मी त्याच आठवड्यात मिरजेला गेले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की आता पट्टा आणि इंजेक्शनात वेळ घालवायचा नाही. मुंग्या वाट बघू देतात, पण स्नायू एकदा वाळला की पुरता भरून येईलच असं नाही.

ऑपरेशनची भीती होती, कारण हात गेला तर दुकान गेलं. प्रत्यक्षात तेवढ्याच जागेची भूल, तळव्यावर जेमतेम इंचभर छेद, आणि आतला आडवा पट्टा कापून मोकळा करायचा. तो परत शिवत नाहीत, कापलेल्या कडांमध्ये जागा राहते आणि नसेला वाव मिळतो. रक्त येऊ नये म्हणून दंडावर आवळलेल्या फुगवायच्या पट्ट्याचीच जास्त कळ लागली. संध्याकाळपासून बोटं हलवायची होती, हात उशीवर उंच ठेवायचा होता. त्याच रात्री मुंग्यांनी जाग आली नाही. शेजारी बसलेले हे मला सारखं विचारत होते, "दुखतंय का?" आणि मी रडत होते, दुखत नव्हतं म्हणून.

टाके दोन आठवड्यांच्या आत निघाले. त्यानंतरचं मात्र आधी कुणीतरी सांगायला हवं होतं, म्हणून इथे लिहिते. तळव्याच्या मुळाशी, छेदाच्या दोन्ही बाजूंना, खोल ठणका राहतो. तळहात टेकून उठताना, कणीक मळताना, कुकरचं झाकण लावताना तो जाणवतो. माझा काही महिने राहिला. काहीतरी बिघडलं असेल म्हणून मी घाबरले होते, पण हे बऱ्याच जणांना होतं आणि ओसरतं. टाके निघाल्यावर व्रणावर रोज हलका मसाज केला, पकड येण्यासाठी मऊ चेंडू दाबला. कात्री हाती घ्यायला दोनेक महिने लागले. तर्जनीच्या टोकाची संवेदना त्याहून सावकाश आली. आता रेशमी अस्तर आणि सुती अस्तर न बघता ओळखता येतं. अंगठ्याखालचा गोळा थोडा भरला आहे, डाव्याइतका नाही.

कापायला आता आपोआप उघडणारी स्प्रिंगची कात्री घेतली आहे, आणि जाड थर असला की विजेचं कटर. तुरपाईचं अर्धं काम दुसऱ्या दोघींकडे दिलं. डाव्या हातातही अधूनमधून मुंग्या येतात, त्याला रात्री पट्टा बांधते. अंगठ्याचा जोर घरीच कसा बघायचा ते डॉक्टरांनी शिकवलं आहे. तो कमी वाटला तर पुढच्या तारखेची वाट न बघता यायचं, असं सांगून ठेवलंय.