बनियनवरचे साहेब

रविवारी सकाळी बेल वाजते तेव्हा मी हटकून बनियनवर असतो. लगेच आतून दबक्या आवाजात हुकूम सुटतो, "अहो, अंगात काहीतरी अडकवा!" शर्टाची बटणं वरखाली लावत दार उघडावं, तर समोर इस्त्रीवाला.

खरं तर 'बनियन' हे नाव मिरवणारा कपडा अंगात घालून साहेब लोक चित्रकारासमोर बसत.

सतराव्या शतकात लंडनच्या आरमारी कचेरीत सॅम्युअल पीप्स नावाचे अधिकारी होते. शिंप्याचा मुलगा, त्यामुळे कपड्यांचा भारी षौक, आणि रोजनिशीत पैन् पैचा हिशेब. १ जुलै १६६१ ला त्यांनी दोन वस्तू घेतल्या : खणांचं कपाट, ३३ शिलिंग, आणि स्वतःसाठी एक 'इंडियन गाऊन', ३४ शिलिंग. कपाटापेक्षा झगा महाग! तेव्हा पूर्वेकडचं काहीही 'इंडियन' म्हणून खपे. हॉलंडात असे झगे थेट जपानहून येत. डच चित्रकार व्हर्मीरच्या १६६९ च्या चित्रातला भूगोलतज्ज्ञ हातात कर्कटक घेऊन खिडकीशी थबकलाय, त्याच्या अंगातला निळा, लाल काठाचा झगा त्याच जातीचा.

या झग्याची गरज का पडली, ते बाहेरचा थाट बघितला की कळतं. गळ्याशी लेस, जागोजाग फिती, आणि वर केसांचा टोप. पीप्सनी १६६३ च्या नोव्हेंबरात स्वतःचे केस कापवून टोप चढवला. घरी आलं की तो उतरवायचा, उघड्या डोक्यावर मऊ टोपी आणि अंगात सैल झगा. आपण ऑफिसातून आल्यावर पट्टा सोडतो, तेच सुख. पुढे १६६५ ला प्लेग आला, तेव्हा नवा टोप घालायला हे धजेनात. प्लेगने मेलेल्यांचे केस तर नसतील? साथ ओसरल्यावर टोपांच्या फॅशनचं काय होणार, असा प्रश्न रोजनिशीत आहे. माणसं पटापट मरताहेत आणि याला फॅशनची काळजी! मला मात्र हा गृहस्थ त्यामुळेच आवडतो.

या झग्याला पुढे इंग्रजीत 'बनियन' म्हणू लागले. मूळ शब्द आपल्या शेजारचा, गुजराती 'वाणियो'. पोर्तुगिजांच्या तोंडून तो इंग्रजांकडे गेला. वाण्याचा झगा झाला, झग्याचं आखूड जाकीट झालं आणि परत येईतो बाह्या गळून शर्टाच्या आत जाऊन बसला.

१६६६ साली पीप्सनी जॉन हेल्सकडून स्वतःचं चित्र काढून घेतलं, इंडियन गाऊनमध्येच. खांद्यावरून मागे बघायच्या त्या पवित्र्यात मान मोडायची वेळ आली, असं तेच म्हणतात. चित्राला १४ पौंड मोजले. गंमत म्हणजे अंगातला गाऊन भाड्याचा होता! पाच वर्षांपूर्वीच्या ३४ शिलिंगवाल्याचं काय झालं कोण जाणे. लग्नात भाड्याची शेरवानी चढवणाऱ्यांनी त्यांना हसू नये.

चित्र आज लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे. परवा मोबाइलवर काढून घरात दाखवलं. म्हटलं, बघ, केवढा मोठा माणूस, आणि बनियनवर!

तिने चष्मा लावून नीट पाहिलं. म्हणाली, "पण त्यांच्या बनियनला बगलेत भोकं नाहीत."