पावसाचा बोर्ड, नोंद ६: शून्य आणि रिकामं

गेल्या नोंदीत तोऱ्यात लिहिलं होतं की बोर्डाचा सगळा कोड टाइपस्क्रिप्टमध्ये (कुठे नंबर, कुठे मजकूर हे 'टाइप' लिहून ठेवता येणाऱ्या जावास्क्रिप्टमध्ये) आणलाय, आता घोर नाही. तो तोरा शनिवारी उतरला.

(नव्या मंडळींसाठी: फ्रिजवर एक जुना टॅबलेट चिकटवलाय. गावाकडच्या चार पर्जन्यमापकांचे आकडे एका फुकट एपीआयकडून (प्रोग्रॅमला माहिती पुरवणाऱ्या सेवेकडून) घेऊन तो हंगामाची बेरीज दाखवतो.)

सकाळी चहाच्या वेळी आई म्हणाली, "हे काय रे, ०४२.५११२.४ मिलिमीटर?" समोरच्या सर्व्हरने आकडे अचानक अवतरणचिन्हांत, म्हणजे स्ट्रिंग (मजकूर) करून पाठवायला सुरुवात केली होती. जावास्क्रिप्टमध्ये शून्यात स्ट्रिंग मिळवली की बेरीज होत नाही, चिकटवाचिकटवी होते.

मग टाइप्स काय करत होते? काहीच नाही. फेचचं (सर्व्हरकडून माहिती आणणाऱ्या फंक्शनचं) उत्तर जेसनमधून (माहिती ज्या मजकुराच्या रूपात येते त्यातून) काढलं की त्याचा टाइप 'एनी', म्हणजे 'काहीही चालेल', असतो, आणि त्यापुढे मी 'ॲज नोंद' ('ही नोंदच आहे असं समज') लिहून मोकळा झालो होतो. 'ॲज' म्हणजे तपासणी नव्हे. कंपायलरला (कोड चालण्याआधी टाइप तपासणाऱ्या प्रोग्रॅमला) "मी सांगतो ना" म्हणून गप्प बसवणं. शिवाय कंपाइल झालं की सगळे टाइप पुसले जातात. कोड चालताना 'पाऊस हा नंबर आहे' हे कुणाच्याच गावी नसतं.

रविवारी झॉड बसवलं, कोड चालताना आलेली माहिती तपासणारी लायब्ररी. आता उत्तर 'अननोन' (तपासल्याशिवाय वापरता न येणारा टाइप) म्हणून घेतो आणि स्कीमातून (कुठे काय असावं याच्या आराखड्यातून) गाळतो. टाइप वेगळा लिहायचा नाही, स्कीमातूनच 'इन्फर' करून काढायचा, म्हणजे दोन्हीकडे वेगवेगळं लिहिलं जायची भानगड नाही. पार्सऐवजी सेफपार्स वापरतो. त्यात चूक फेकली जात नाही (म्हणजे कोड मध्येच थांबत नाही), हातात मिळते. फेच ४०४ (सापडलं नाही) किंवा ५०० (सर्व्हर बिघडला) आलं तरी कुरकुर करत नाही, म्हणून उत्तरातलं 'ओके' आधी तपासायचं. हे माहीत होतं, केलं नव्हतं.

आता खरी फजिती. स्ट्रिंगचे नंबर व्हावेत म्हणून आळसाने झॉडचं 'कोअर्स' (जे येईल त्याचा बळेच नंबर करणारं) लावलं. सोमवारी बोर्डावर वरच्या वाडीसमोर ० मिमी, शेजारी सूर्याचं चित्र. तेवढ्यात काकांचा फोन: पऱ्या (ओढा) साकवाला (छोट्या पुलाला) टेकलाय, शाळा सोडून दिली. मापकाची बॅटरी गेली होती आणि सर्व्हर रिकामी स्ट्रिंग पाठवत होता. कोअर्स आतून जावास्क्रिप्टचं 'नंबर' फंक्शन वापरतं, आणि त्याच्या लेखी रिकामी स्ट्रिंग म्हणजे शून्य. नल ('इथे काहीच नाही' ही खूण) सुद्धा शून्यच! पाऊस पडला नाही आणि पाऊस मोजलाच नाही, यात जमीनअस्मानाचा फरक आहे, आणि माझ्या व्हॅलिडेशननेच तो पुसून टाकला होता.

कोअर्स काढलं. आता स्ट्रिंगमध्ये फक्त अंक, आणि असलाच तर एक दशांश टिंब, एवढंच असेल तरच तिचा नंबर होतो. रिकामी स्ट्रिंग आली की नल, आणि बोर्डावर आडवी रेघ. बेरजेखाली बारीक अक्षरात 'दोन दिवस नोंद नाही'.

मंगळवारी सगळा बोर्डच कोरा. चूक कुठे आहे ते सांगणारा पाथ वाचला: नोंदी, १७, पाऊस. तिथे आकड्याच्या जागी 'ट्रेस' हा शब्द होता, म्हणजे मोजण्याइतकाही नाही असा शिंतोडा. एका शिंतोड्यापायी अख्खी ॲरे (नोंदींची यादी) नापास! आता ॲरेतली प्रत्येक नोंद स्वतंत्रपणे गाळतो, नापास झालेली लॉगमध्ये जाते, बाकीच्या दिसतात. 'ट्रेस'ला स्कीमात वेगळी जागा दिली.

एका दिवसाच्या आकड्यावर ५०० मिमीची कमाल मर्यादाही घालणार होतो, टिंब हरवलेला ११२४ पकडायला. मग २६ जुलै २००५ आठवला. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पडला होता. माझ्या स्कीमाने तो खरा आकडा कचऱ्यात टाकला असता. म्हणून ५०० च्या वरचा आकडा अडवत नाही, त्यापुढे लाल प्रश्नचिन्ह लावतो आणि काकांना फोन करतो.

तारखेचा घोळ अजून शिल्लक आहे. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, माझ्या बोर्डाचा मध्यरात्री. दोन्ही तारखा स्कीमातून बिनबोभाट पास होतात.