आमची वाटचाल : चिपळूणचं जर्मन गाड्यांचं गॅरेज

चिपळुणात मर्सिडीज दुरुस्त होते, हे मुंबईकरांना अजून खरं वाटत नाही. गणपतीला गावी निघालेल्या चाकरमान्याची गाडी परशुराम घाटात बंद पडली, की तो आधी पुण्याला फोन लावतो, मग टोचनवाल्याला. टोचनवाला त्याला आमच्या दारात आणून सोडतो. खाली उतरून पहिला प्रश्न, "तुमच्याकडे स्टार आहे?" स्टार म्हणजे मर्सिडीजचा बिघाड शोधायचा कंपनीचा संच. आहे. जुना आहे, आणि तुमच्या गाडीला जुनाच बरा.

कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली त्या साली, १९९८ मध्ये, मी आणि माझ्या आतेभावाने बाजारपेठेच्या अंगाला पत्र्याची शेड भाड्याने घेतली. सुरुवातीला टेम्पो, जीप, अ‍ॅम्बेसेडर, जे येईल ते. मर्सिडीज १९९५ पासून पिंपरीत टेल्कोच्या (आताची टाटा मोटर्स) आवारात बनू लागली होती, पण ती गाडी नवी असताना कोकणात कोण घेणार? तिसरा मालक शोधत ती इकडे आली. हॉटेलवाले, आंब्याचे व्यापारी, आखातातून परतलेले, असे तिचे तिसरे मालक. मुंबईत कुणी विकायला काढली की नव्या लहान गाडीच्या पैशात मिळायची. पुढचं त्यांना कुणी सांगत नसे, म्हणून मी सांगतो. गाडीची किंमत उतरते, पार्टची उतरत नाही.

२००५ च्या पुरात शेडमध्ये पाणी आलं होतं, पण तेव्हा आमच्याकडे बुडण्यासारखं होतं काय? दोन जॅक आणि पान्यांची पेटी. धुऊन पुसून कामाला लागलो. त्यानंतरची पंधरा-सोळा वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

हत्यारांबद्दल मात्र सांगायलाच हवं. साध्या गोट्यांनी, म्हणजे पान्याच्या सॉकेटांनी, जर्मन गाडी उघडत नाही. टॉर्क्स, म्हणजे चांदणीच्या आकाराचे पाने, लागतात, उलटे टॉर्क्स लागतात, बारा दातांच्या आतल्या चाव्या लागतात. बोल्टचं डोकं एकदा गोल झालं की पुढचे दोन दिवस त्याच्याच मागे. हत्यारांवरचा खर्च पाहून आतेभाऊ कपाळाला हात लावायचा. स्टारचा सेट मात्र त्यानेच आणला, मुंबईच्या एका बंद पडलेल्या वर्कशॉपमधून. जाड डबा, बोटाएवढ्या केबली, अडतीस पिनांचा गोल सॉकेट आणि सोबत जुन्या विंडोज एक्सपीवर चालणारा लॅपटॉप. हल्ली पाचशे रुपयांचा स्कॅनर लावून "सेन्सर गेलाय" सांगणारे गल्लोगल्ली आहेत. बिघाडाचा कोड कुठला आला, एवढंच त्यात कळतं. तो का आला हे बघायला लाइव्ह डेटा, म्हणजे चालू गाडीतले सेन्सरचे आकडे, वाचावा लागतो आणि त्यासाठी स्टूल घेऊन तासभर बसायची तयारी लागते.

आमचं सगळ्यात आवडतं हत्यार मात्र विजेवर चालतच नाही. हाताने दाबायचा व्हॅक्यूम पंप, त्यावर छोटं घड्याळ. त्यानेच आम्हाला अण्णा मिळवून दिले.

अण्णा गुहागरचे. नारळ-सुपारीची बाग, आणि मर्सिडीजची जुनी एकशेचोवीस मॉडेलची डिझेल गाडी, पाच सिलिंडरची. ती गाडी एकदा व्याडेश्वराच्या देवळासमोर बंदच होईना. अण्णांनी चावी फिरवली, काढली, खिशात घातली, देवळात जाऊन आले, तरी इंजिन चालूच. भोवती माणसं जमली. कुणीतरी म्हणालं, संचार झालाय. दुसऱ्या गावच्या एका मिस्त्रीने डिझेल पंप बदलायला सांगून हजारोंचा आकडा दिला होता. अण्णा तशीच चालती गाडी घेऊन चिपळूणपर्यंत आले. आतेभावाने बॉनेट उघडलं, इंजिनवरचा 'स्टॉप' लिहिलेला खटका दाबला आणि ती गप्प झाली. या डिझेलला चावीने वीज तोडून बंद करत नाहीत, व्हॅक्यूमने पंपावरचा पडदा ओढून बंद करतात. हाताचा पंप लावला तर घड्याळाचा काटा टिकेना. एक रबरी जोड कडक होऊन चिरला होता. चहाच्या पैशात काम झालं. अण्णांनी दुप्पट दिले, आणि त्यानंतर त्या गाडीच्या बोल्टला आमच्याशिवाय कुणाचा पाना लागलेला नाही.

त्या गाडीला काचेवर एकच वायपर आहे, आणि कोकणातल्या पावसाला तो पुरतो! फिरता फिरता तो लांब होतो, आखडतो, कोपऱ्यापर्यंत जातो. त्यासाठी आत एक गिअर आहे, आणि तो ग्रीसवाचून सुकला की किंचाळतो. दर मे महिन्यात अण्णा त्यासाठी येतात. वहिनी सीटच्या चामड्याला खोबरेल लावतात, त्यावर बुरशी दुप्पट जोमाने येते. हे मी त्यांना दर वर्षी सांगतो. मग पिशवीतून रोठा सुपारी निघते आणि विषय संपतो.

आता २०२१.

२२ जुलैच्या पहाटे वाशिष्ठी आणि शिव दोन्ही नद्या शहरात आल्या. पाऊस, भरती, कोयनेचं कोळकेवाडी धरणातून येणारं पाणी, कुणाचा वाटा किती यावर अजून वाद चालू आहेत. मी पाहिलं ते एवढंच, की २००५ ला जिथे पाणी थांबलं होतं ती खूण रात्री मागे पडली आणि पाणी वाढतच राहिलं. एसटी आगारातल्या गाड्यांचे फक्त टप दिसत होते. ज्या गाड्या चालत होत्या त्या आम्ही डोंगराच्या अंगाला चढवल्या. जॅकवर असलेल्या तिथेच राहिल्या. एक एअर सस्पेन्शनवाली, म्हणजे स्प्रिंगांऐवजी हवेच्या पिशव्यांवर उभी राहणारी, रात्रीत जमिनीला टेकलेली होती. ती हलवायची म्हणजे आधी हवा भरायची, आणि वीज गेलेली. स्टारचा डबा माळ्यावर ठेवला. पाणी माळ्याच्या वर गेलं.

उतरल्यावर जे दिसलं त्याचं वर्णन करत नाही, चिपळूणकरांना ठाऊक आहे. गोट्यांच्या ट्रेमध्ये गाळ बसून घट्ट झाला होता, एकेक गोटी खोदून काढावी लागली. बुडालेल्या गाड्यांची इंजिनं आम्ही वाचवली. कुणालाही स्टार्टर मारू दिला नाही. बॅटरी काढली, इंजेक्टर काढले, सिलिंडरमधलं पाणी बाहेर काढलं, तेल दोनदा बदललं. पण लक्झरी गाडीत इंजिन हा स्वस्त भाग असतो. खरा पैसा गालिच्याखाली, सीटखाली आणि डिकीच्या तळाला बसवलेल्या कंट्रोल युनिटांमध्ये, म्हणजे नेमका जिथे पाणी आधी येतं तिथे. मालकांपैकी बहुतेक समजूतदार निघाले. एकाने वकिलाची नोटीस पाठवली. गाडी त्याने चार महिने पैसे थकवून आमच्याकडे ठेवली होती, हे नोटिशीत नव्हतं.

आतेभाऊ दिवाळीपर्यंत थांबला. मग ठाण्याला मुलाकडे गेला. त्याला मी काही बोललो नाही. त्या वयात पुन्हा शून्यातून कोण सुरू करतो? शेड बंद करायचं माझंही ठरत आलं होतं. तेवढ्यात अण्णा आले, एसटीने. गाडी उंचावर होती, तिला ओरखडाही नव्हता. "जिवंत आहेस ना रे? मग हे धर," म्हणाले आणि पाकीट ठेवलं. गाडीचं पुढच्या कामांचं आगाऊ. मी म्हटलं, अण्णा, एवढं काम तुमच्या गाडीत उरलेलंच नाही. "मग निघेल. जुनी आहे ती." त्या पैशांतून दुसरा स्टार आला.

आणि आता ज्याच्याबद्दल लिहू नको असं घरचे म्हणतात, त्याच्याबद्दल. आमच्याकडे पोरगा असताना हवा भरायला आला, पाने ओळखायला शिकला, उस्ताद उस्ताद करत राहिला. पुराच्या आधीच त्याने स्वतःचं दुकान टाकलं. 'जर्मन कार स्पेशालिस्ट' अशी पाटी, रात्री लुकलुकते. टाकू दे, बाजार सगळ्यांचा आहे. पण पूर ओसरला तसा तो टोचन घेऊन गावभर फिरला आणि बुडालेल्या गाड्या भंगाराच्या भावात उचलल्या. प्रेशरने धुतल्या, गालिचे बदलले, मीटरमधले धोक्याचे दिवे तारा कापून विझवले, आत सेंट मारलं आणि घाटापलीकडे विकल्या. त्यातल्या काही फिरून पुन्हा कोकणात आल्या, माझ्याकडे. नवा मालक विचारतो, एअरबॅगचा दिवा चावी लावल्यावरसुद्धा का लागत नाही? मी खरं सांगितलं, की लगेच तोच नवा मालक त्या दुकानात जातो, आणि तिथे त्याला सांगतात, उस्ताद जुन्या पद्धतीचे आहेत, उगाच घाबरवतात. एअर सस्पेन्शन काढून स्प्रिंगा टाकायचं कामही तिथे जोरात चालतं. करायला हरकत नाही, पण मग ती गाडी तुम्ही घेतलीत कशाला?

घेणाऱ्यांनी थोडं ऐकावं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. मागच्या टोकाला गाळाची रेघ असेल तर चहा न पिता उठा. सीटच्या रुळांचे बोल्ट पाहा, खालच्या कनेक्टरवर हिरवं आहे का पाहा. बुडालेली नसली तरी आमच्याकडे पाणी वरूनही येतं. काचेखालच्या पन्हळीत आंब्याची-फणसाची पानं साठतात, नळी तुंबते आणि पाणी पायाशी उतरतं. स्कोडाच्या पहिल्या सुपर्बला मागच्या दारात छत्री ठेवायची जागा असते. अशा एका मालकाने मला छत्री अभिमानाने दाखवली, तेव्हा त्याचे बूट आत भिजलेले होते. जूनआधी ती नळी मोकळी करा, सनरूफच्या चारही. खाऱ्या वाऱ्याने अर्थिंगच्या जोडण्या हिरव्या होतात. दहा दिवे एकदम लागले तर दहा पार्ट बदलायच्या आधी अर्थिंग घासा. मर्सिडीजचं दोनशेदहा मॉडेल घेत असाल तर पुढच्या स्प्रिंगची वरची वाटी गंजलीय का ते लिफ्टवर चढवूनच बघा, ती सुटली तर गाडी धावताना बसते.

दोनशेअकरा मॉडेलची गाडी, २००२ ते २००६ ची, तिच्या ब्रेकचं वेगळं आहे. पायाचा दाब सरळ चाकाला जात नाही, मधे पंप आणि संगणक. कंपनीने २००४ आणि २००५ मध्ये जगभरातून गाड्या परत बोलावल्या होत्या आणि २००६ च्या नव्या रूपात तो प्रकार काढूनच टाकला. तिचे ब्रेक पॅड बदलायच्या आधी यंत्रणा बंद करावी लागते. गाडी नुसती अनलॉक झाली तरी पंप दाब देतो आणि पिस्टन बाहेर येतात. तिथे बोट असलं तर बोट जातं. लुकलुकत्या पाटीखाली हे माहीत आहे का, विचारून बघा.

गाडी गावी ठेवून मुंबईला जाणाऱ्यांनी बॅटरीला चार्जर लावावा आणि शेजाऱ्याला पैसे देऊन आठवड्याला वीस मिनिटं फिरवून घ्यावी. नुसती जागेवर चालू ठेवू नये. काजूच्या गोणीशेजारी तर मुळीच लावू नये, उंदीर आधी गोणीला येतो आणि मग वायरिंगला.

सध्या शेडमध्ये दोघं पोरं आहेत. दोघांनाही आधी हाताचा व्हॅक्यूम पंप शिकवला, स्टार नंतर. अण्णांच्या आगाऊ रकमेतले पैसे अजून शिल्लक आहेत, ते हिशोब बघत नाहीत, मी वहीत लिहितो. गणपतीसाठी ज्यांना गाड्या तपासून हव्यात त्यांनी श्रावण लागायच्या आत आणाव्यात, नंतर रांग असते. घेण्याआधी गाडी तपासायचे पैसे घेतो, तुम्ही ती घ्या किंवा नका घेऊ. आणि त्या पाटीखालून आलेली असेल तर दुप्पट, कारण कापलेल्या तारा शोधायला दुप्पट वेळ जातो.