ओव्हरकुक्ड २: नाताळच्या सुट्टीतली नोंद, आता खेळाडू तीन

ओव्हरकुक्ड २ हा मिळून स्वयंपाक करायचा व्हिडिओ गेम: पडद्यावरच्या किचनमध्ये प्रत्येकाचा एक शेफ, वेळेत ऑर्डर द्यायच्या आणि गुणांनुसार स्टार मिळवायचे. मागच्या वेळी लिहिलं तेव्हा आम्ही मायलेक पहिल्या जगात, म्हणजे लेव्हलच्या पहिल्या गटात, दोन-दोन स्टारवर अडकलो होतो. नाताळची सुट्टी लागली, सासूबाई डोंबिवलीहून ऐरोलीला आमच्याकडे राहायला आल्या आणि चित्रच पालटलं. आज पहिल्या जगातल्या सगळ्या लेव्हलना तीन स्टार आहेत, दुसऱ्या जगातल्या चार लेव्हल झाल्या आहेत.

आधी कंट्रोलरचं सांगते, कुणाचे तरी पैसे वाचतील. पीएस ५ (प्लेस्टेशन ५) चे गेम जुन्या ड्युअलशॉक ४ वर, म्हणजे पीएस ४ च्या कंट्रोलरवर, खेळता येत नाहीत. पण ओव्हरकुक्ड २ ची पीएस ४ आवृत्ती पीएस ५ वर लावली, तर तोच जुना कंट्रोलर मस्त चालतो. आम्ही शेजारच्या विंगमधून एक मागून आणला, तिसऱ्या खेळाडूची सोय झाली. दुसरी गोष्ट टीव्हीची. "मी बटण दाबतेय, पण हा ऐकतच नाही," असं सासूबाई दोन दिवस म्हणत होत्या. मला वाटलं, सवय नाही म्हणून. त्यांचंच बरोबर होतं. टीव्हीचा गेम मोड, म्हणजे बटण दाबणं आणि पडद्यावर दिसणं यातला उशीर कमी करणारी सेटिंग, बंद होता. तो चालू केला आणि शेफ लगेच हलायला लागला.

खेळाडू वाढला की स्टारसाठी लागणारे गुणही वाढतात. त्यामुळे पहिल्या संध्याकाळी आमची घसरगुंडीच झाली. तिघंही सगळीकडे धावत होतो, एकमेकांवर आदळत होतो. लेकाचा आग्रह, अजून पटापट पळायचं. सासूबाईंनी कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, "अरे बाळा, आधी भात लावायचा. बाकीचं तो शिजेपर्यंत होतं."

तिथून आमचा खेळ बदलला. भात आणि भांडी त्यांच्याकडे, चिरणं आणि फेकणं लेकाकडे, ताट लावून देणं माझ्याकडे. आपापला ओटा सोडायचा नाही.

हॉट एअर बलूनची एक लेव्हल आहे. सुरुवातीला हवेत सॅलड करायचं, मग फुगा कोसळतो तो थेट सुशीच्या किचनमध्ये. आधी तिथं आम्ही गोंधळून इकडेतिकडे बघत बसायचो. आता खाली आदळल्याबरोबर लेक तांदूळ थेट पातेल्यात फेकतो. त्यानंतर सासूबाईंची नजर त्या पातेल्यावरून हटत नाही. धोक्याची खूण लुकलुकायला लागली की त्या ओरडतात, "भात लागेल!" आणि स्वतःच पातेलं आचेवरून उतरवतात. ते उतरवून बाजूला ठेवलं की करपत नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी हेरलं होतं. नोरीला, म्हणजे सुशीभोवती गुंडाळायच्या समुद्री शेवाळाच्या पापुद्र्याला, त्या "काळा कागद" म्हणतात. आता आम्हीही तेच म्हणतो, कारण घाईत ते पटकन कळतं.

तिसरा स्टार मिळाला तो मात्र टिपमुळे. ऑर्डर डावीकडून उजवीकडे, आल्या त्या क्रमाने दिल्या की टिप वाढत जाते, चौपटीपर्यंत. मी समोर तयार दिसेल ते ताट देऊन टाकत होते, तिथंच गुण जात होते. आता सगळ्यात डावीकडची ऑर्डर मी मोठ्याने वाचते, लेक तेवढंच चिरतो. पंगतीत वाढताना कसं, पहिल्या पानाला सोडून पुढे जात नाही, तसं. एखादी ऑर्डर वेळेत गेली नाही तर गुण कापले जातात आणि टिप पुन्हा खालून सुरू होते, म्हणून शेवटच्या अर्ध्या मिनिटात नवीन काही चिरायचं नाही, हातातलं संपवायचं.

फेकलेली वस्तू तिच्याकडे तोंड करून रिकाम्या हाताने उभा असलेला शेफ आपोआप झेलतो. सासूबाईंनी पहिल्यांदा काकडी झेलली तेव्हा लेक सोफ्यावर उभा राहून "आजी! आजी!" करत नाचला. तो क्षण मला फार आवडला. माझा नवरा वर्षअखेरच्या कामात आहे, रविवारी चौथा कंट्रोलर मिळाला तर तोही बसेल. मात्र मग गुणांची पायरी पुन्हा वर जाणार.

२ जानेवारीला शाळा सुरू होते आहे, सासूबाई संक्रांतीपर्यंत आहेत. दुसऱ्या जगातल्या पाचव्या लेव्हलला आम्ही एका स्टारवर आहोत. तिथं भांडी धुण्याचं काम मी घेऊन बघणार आहे. आज संध्याकाळी देवापुढे दिवा लावून झाला की बसतो.