रस्त्याकडची बाजू: आमची वाटचाल

बिल्डिंगचा चेहरा आर्किटेक्ट ठरवतो असं लोकांना वाटतं. मुंबईत तो महापालिकेची नियमावली ठरवते, आर्किटेक्ट फक्त सही करतो. ग्रिल-रेलिंगच्या धंद्यात आमची दुसरी पिढी आहे, तेव्हा हे ऐकीव सांगत नाही.

अण्णांनी, म्हणजे आमच्या पहिल्या पिढीने, माहीमला गाळा घेतला तो मिस्त्रींच्या भरवशावर. मिस्त्री कागदावर चार आण्यांचे भागीदार, कामात बारा आण्यांचे. भाता, ऐरण, सांडशी, सगळं त्यांचं. गिऱ्हाईक दादर, माटुंगा, शिवाजी पार्कचं. प्लेगनंतर, 1898 साली, सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला आणि पुढे दादर-माटुंग्याचे प्लॉट पाडताना उंची किती, मोकळी जागा किती, हे त्याने बांधून दिलं. खालच्या खोलीतही उजेड पोचावा म्हणून जमिनीपासून 63½ अंशांचा कोन धरायचे, समोरची इमारत त्या रेषेच्या वर जायची नाही. त्यामुळे पारशी कॉलनीत बघा, तळमजला अधिक दोन. एवढ्या उंचीवरची गॅलरी रस्त्यावरून नीट दिसते, म्हणून मालक रेलिंगवर हात सैल सोडायचे. त्यानंतरच्या आर्ट डेको इमारतींत तर उगवत्या सूर्याचे किरण, लाटा, जहाजासारखे आडवे पाइप.

दुरुस्तीला गेलं की मिस्त्री प्रत्येक नक्षीचा फर्मा, म्हणजे साचा, करून आणायचे. पट्टी लाल करायची, फर्म्याभोवती फिरवायची, थंड झाली की गुण्या लावून बघायची, बसली नाही तर परत भट्टीत. जोड रिवेटचा. ते फर्मे अजून गाळ्याच्या भिंतीवर आहेत, भंगारवाल्याला हात लावू दिलेला नाही.

1991 च्या नियमावलीत बाल्कनी दहा टक्क्यांपर्यंत एफएसआयमधून, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येईल त्या मापातून, सुटायची. फ्लॉवर बेडही सुटायचे. झालं, प्रत्येक खिडकीखाली फ्लॉवर बेड! त्यात तुळससुद्धा कोणी लावली नाही. ओसी, म्हणजे राहायला जायचा दाखला, हातात पडली की खिडकीखालची भिंत फोडायची, बेड खोलीत घ्यायचा आणि बाहेरून आमचं बॉक्स ग्रिल. उपनगरातल्या त्या काळातल्या बिल्डिंगा खुराड्यांसारख्या दिसतात असं आर्किटेक्ट मंडळी नाक मुरडून म्हणतात. प्लॅन कोणी काढले होते, ते विचारा. असो. आम्ही शेजारचा गाळाही घेतला. ती वर्षं बरी गेली.

मग जानेवारी 2012. बाल्कनी, फ्लॉवर बेड सगळं एफएसआयमध्ये मोजायचं ठरलं, बदल्यात निवासी बांधकामाला प्रीमियम भरून 35 टक्के फंजिबल, म्हणजे हवी तिथे वापरायची जादा जागा. पैसे भरूनच जागा घ्यायची, तर बिल्डर ती हॉलमध्येच घालणार. नव्या प्लॅनमध्ये दर्शनी बाजू सपाट झाली, वर काच. आमच्या ऑर्डरी एका पावसाळ्यात आटल्या. कामावरच्या काही पोरांना घरी बसवावं लागलं, दुसरा गाळा विकला, बँकेचा माणूस रोज दारात.

त्यातच एक काच-रेलिंगवाला उपटला. नाव लिहीत नाही, धंद्यातल्यांना कळेल. समुद्राजवळच्या एका टॉवरला आम्ही दोघांनी कोटेशन दिलं होतं. रस्त्याकडची बाजू त्याला मिळाली, आम्हाला जिने आणि डक्ट. कोटेशनमध्ये त्याने स्टेनलेस स्टीलची ग्रेड लिहिली 304, लावलं हलकं 202. सोसायटीच्या कमिटीसमोर लोहचुंबक लावून दाखवला, चिकटला नाही, सगळे खूश. अहो, 202 ला पण चिकटत नाही! गुलालवाडीच्या धातूबाजारात कोणत्याही पोराला विचारा. चुंबकाच्या भानगडीत पडू नका, टेस्टिंगच्या औषधाचा थेंब टाका, रंग सांगतो. आणि समुद्रासमोर 304 सुद्धा पुरत नाही, 316 मागा, बिलावर ग्रेड लिहून घ्या. दुसऱ्या पावसाळ्यात त्याच्या रेलिंगला चहाच्या रंगाचे ओघळ आले. ते पॉलिश करायला कमिटीने कोणाला बोलावलं? डक्टवाल्यांना.

या सगळ्यात आम्हाला तारलं ते शिवाजी पार्कच्या एका सोसायटीच्या सेक्रेटरीबाईंनी, शाळेतून निवृत्त झालेल्या. त्याच 2012 साली हेरिटेजच्या नव्या प्रस्तावित यादीत शिवाजी पार्कचं नाव आलं होतं. यादीत गेलो तर रिडेव्हलपमेंट अडकेल म्हणून अख्खा परिसर तापलेला. निम्मे सभासद म्हणत होते, बिल्डिंग पडणारच आहे तर रेलिंगवर खर्च कशाला. बाईंनी ठराव पास करून घेतला, निम्मी रक्कम आगाऊ दिली. मला म्हणाल्या, "अरे, मला शोभेचं काही नको. होतं तसं पाहिजे." मिस्त्री तेव्हा थकले होते, पण लाटेचा फर्मा त्यांनीच उतरवून दिला. बसवायच्या दिवशी बाईंनी प्रत्येक रिवेटवरून बोट फिरवलं आणि एक लाट परत पाठवली. वेल्डिंग करून वर खोटं डोकं बसवलं होतं, नव्या पोराचं काम. त्यांना बोटाला कळलं.

त्या कामाच्या ओळखीवर पुढची कामं आली. ओव्हल आणि मरीन ड्राइव्हच्या इमारती 2018 ला जागतिक वारसा यादीत गेल्यापासून तर आर्किटेक्ट आमच्या फर्म्यांचे फोटो काढायला येतात. ऑर्डर देतात असं नाही.

जाता जाता: बॉक्स ग्रिल लावणार असाल तर त्यात उघडणारी झडप ठेवा आणि चावी तिथेच खिळ्याला टांगा. आग लागल्यावर चावी शोधत बसू नका. एमएसला, म्हणजे साध्या लोखंडाला, रंगाआधी झिंक प्रायमर पाहिजेच, नुसता रेडऑक्साइड खाऱ्या वाऱ्यात टिकत नाही.

सध्या मोठं काम पोडियमच्या, म्हणजे टॉवरच्या पायथ्याच्या मजल्यांच्या, जाळ्यांचं. पार्किंगचे मजले एफएसआयमध्ये धरत नाहीत, म्हणून नव्या टॉवरचे खालचे मजले गाड्यांचे. रस्त्यावरून जाणाऱ्याला आता माणसाच्या गॅलरीऐवजी आमची अ‍ॅल्युमिनियमची लूव्हर, म्हणजे तिरप्या पट्ट्यांची जाळी, दिसते. काम सोपं आहे, नक्षी नाही, पैसे वेळेवर. त्या समुद्राजवळच्या टॉवरचं रिटेन्शन, म्हणजे बिलातून राखून ठेवलेले पैसे, मात्र अजून यायचं आहे. फोन केला की अकाउंटंट जेवायला गेलेला असतो.