पगार किती, आणि कापला किती?

गावाकडून फोन आला की "पगार किती?" हे सगळेच विचारतात. कापला किती जातो, हे कोणी विचारत नाही. आज तेच सांगते.

मी जर्मनीत, श्टुटगार्टजवळ एका वृद्धाश्रमात नर्स आहे. इथे पेन्शन विम्यापोटी पगाराच्या 18.6 टक्के जातात, निम्मे माझे, निम्मे मालकाचे. ते माझ्या नावावर साठत नाहीत. आज कापले की आजच्याच म्हाताऱ्यांच्या पेन्शनला लागतात. जर्मनीचा चान्सलर बिस्मार्कने 1889 मध्ये पेन्शनचा कायदा केला तेव्हा पेन्शन सत्तरीत मिळायची आणि तिथवर पोचणारे थोडेच होते. आता नव्वदीतली माणसं आमच्याकडे कितीतरी आहेत, अन् कमावणारे हात घटत चाललेत. म्हणून सरकार करांतून वर्षाला 100 अब्ज युरोंहून जास्त भर घालतं. निवृत्तीचं वयही 2031 पर्यंत 67 होईल.

तरी म्हातारपण भागत नाहीच. वृद्धाश्रमात पहिल्या वर्षी महिन्याला सरासरी 3000 युरोंहून जास्त खिशातून जातात. माझ्या मजल्यावरच्या एका आजींनी त्यासाठी घर विकलं. तेही पैसे आता संपत आलेत. संपले की सरकार भरणार, म्हणजे पुन्हा करदातेच.

माणसं मिळत नाहीत म्हणून आमची मजुरी वाढली. जुलै 2025 पासून प्रशिक्षित नर्सला तासाला किमान 20.50 युरो मिळू लागले. मिळायलाच हवेत, काम कंबर मोडणारं आहे. पण ती वाढ शेवटी कोणाच्या तरी विम्याच्या हप्त्यातून किंवा बचतीतूनच येते.

आता विदर्भातल्या आपल्या आर्वीकडे बघा. पोरं पुण्याला गेली, कापूस वेचायला बाया मिळत नाहीत, किलोमागे दर चढतो. माझी काकू साठी उलटली तरी कंबरेला ओटी बांधून वावरात जाते. तिची बचत म्हणजे चार एकर, त्यावरही पीककर्ज. हातात म्हाताऱ्यांसाठीच्या श्रावणबाळ योजनेचे महिन्याला 1500 रुपये. महाराष्ट्रात आता बाईमागे सरासरी दोनपेक्षा कमी मुलं होतात, म्हणजे उद्या काकूच्या सुनांमागे उभे राहणारे हात आणखी कमी.

या सुना अजून चाळिशीच्या आत आहेत. असंघटित कामगारांसाठीच्या केंद्राच्या श्रमयोगी मानधन योजनेत वयानुसार महिन्याला 55 ते 200 रुपये भरले तर सरकार तेवढेच घालतं आणि साठीनंतर महिन्याला 3000 रुपये पेन्शन मिळते. नाव नोंदवून घ्या, मी प्रत्येकीला फोनवर हेच सांगते. पण सोयाबीन बुडालं की पहिला हा हप्ता थांबतो. दुष्काळी वर्षात शेतमजूर बाईचा हप्ता सरकारनेच भरला पाहिजे, अशी माझी ठाम मागणी आहे.