कमाटीबागेतला देवमासा आणि बुडालेले चांदीचे रुपये

बडोद्याला समुद्र नाही. तरी कमाटीबागेतल्या संग्रहालयात गेलं की समुद्राची आठवण होतेच, कारण तिथे निळ्या देवमाशाचा 70 फुटांच्या आसपासचा सांगाडा आहे. जबड्यापासून शेपटीपर्यंत चालत गेलो, तेव्हा कुठे तो केवढा आहे ते कळलं.

तिथल्या चित्रदालनाची गोष्टही समुद्रापारची. सयाजीराव महाराजांनी युरोपातून चित्रं जमवली, 1914 मध्ये इमारत उभी राहिली आणि नेमकं महायुद्ध पेटलं. चित्रं तिकडेच अडकली, दालन उघडायला 1921 उजाडलं. पण चित्रं आली.

दुसऱ्या महायुद्धात मुंबईहून विलायतेला निघालेली चांदी मात्र पोचली नाही. ती गोष्ट बरेच दिवस डोक्यात होती, म्हणून दांडिया बाजारात काकांकडे मुक्काम होता तेव्हा त्यांच्या देवघरातला राणीछाप रुपया मुद्दाम मागून घेतला. दर लक्ष्मीपूजनाला तो ताम्हनात असतो. कडेच्या बारीक खाचांत हळद-कुंकू घट्ट बसलंय, राणीचं नाक झिजून सपाट झालंय. "फरशीवर वाजवून बघ," काका म्हणाले. खणखणीत वाजला. वजन बरोब्बर एक तोळा, म्हणजे 11.66 ग्रॅम.

असे चांदीचे रुपये 2,000 पेट्यांत भरून 'सिटी ऑफ कैरो' हे जहाज 1 ऑक्टोबर 1942 रोजी मुंबईहून निघालं. जवळजवळ 100 टन चांदी! तोळ्याच्या हिशेबाने 80 लाखांच्या वर रुपये. डर्बन, केप टाउन करत ते ब्राझीलच्या दिशेने वळलं. 6 नोव्हेंबरच्या रात्री सेंट हेलेना बेटाच्या दक्षिणेला यू-68 या जर्मन पाणबुडीने टॉर्पेडो मारला. माणसं होड्यांत उतरत असताना दुसरा मारला. मग पाणबुडीचा कप्तान मेर्टेन होड्यांजवळ आला, बुडवल्याबद्दल माफी मागितली आणि "गुड नाइट" म्हणून निघून गेला. 311 पैकी 104 जण गेले, त्यातले कित्येक होड्यांमध्ये तहानेने आणि थकून. जहाजावरचे बरेच खलाशी हिंदुस्थानी होते. चांदीच्या बातम्यांत त्यांचा उल्लेख ओझरताच येतो, याचं मला फार वाईट वाटतं.

जहाज 5,150 मीटर खोल गेलं होतं. टायटॅनिक 3,800 मीटरवर आहे, यावरून अंदाज यावा. तिथे पाणबुड्या माणूस जाऊच शकत नाही. पाण्याचा दाब हवेच्या 500 पटींहून जास्त. 'डीप ओशन सर्च' या कंपनीने आधी सोनारने, म्हणजे ध्वनिलहरी सोडून शोध घेणाऱ्या यंत्राने, तळ पिंजून काढला. डोंगराळ तळावर, गाळात रुतलेले जहाजाचे दोन तुकडे 2011 मध्ये सापडले. 2013 मध्ये केबलला जोडलेल्या यंत्रमानवांनी नाणी वर काढली. एवढ्या खोलीवरून तोवर कुणीच असं काही काढलेलं नव्हतं. इंजिनिअर मंडळींच्या या चिकाटीला मी मनापासून सलाम करतो.

पण पुढचं ऐकून काका गप्पच झाले. चांदी ब्रिटिश सरकारच्या मालकीची, म्हणून नाणी इंग्लंडला नेऊन वितळवली आणि विकली. किंमत 3 कोटी 40 लाख पौंडांच्या घरात. कायद्याने ते बरोबरच असेल. तरी माझं म्हणणं आहे की, त्यातले मूठभर रुपये मुंबईच्या एखाद्या संग्रहालयात यायला हवे होते, आणि त्यांच्या शेजारी त्या खलाशांची यादी.